परसांतली निमूट वाढ

वाचनपाठ : मार्काचें शुभवर्तमान, अध्याय ४, ओव्या २६ ते २९.



आपल्या प्रभूनें सांगितलेले पुष्कळ दाखले शेतकऱ्याच्या अंगणांतून उचललेले आहेत. त्यांपैकीं वरच्या ओव्यांतील दाखला एकट्या मार्कानेंच लिहून ठेविला आहे. मत्तय, लूक व योहान ह्यांच्या शुभवर्तमानांत तो आढळत नाहीं. तो इतका लहान व साधा आहे कीं आपण तो वाचतों न वाचतों तोंच पुढल्या मोहरीच्या दाण्याकडे निघून जातों. त्यांत हरवलेलें मेंढरूं नाहीं, उधळ्या पुत्र नाहीं, वादळांत सांपडलेलें घर नाहीं. एक मनुष्य जमिनींत बीं टाकतो, रात्रीं निजतो, दिवसा उठून आपल्या कामास लागतो. आणि इकडे तें बीं रुजून वर येतें. कसें वाढलें म्हणून त्यास विचारलें, तर त्याला सांगतां येत नाहीं. पहिल्यानें हिरवें पातें दिसतें, पुढें कणीस निसवतें, शेवटीं दाणा भरतो. आणि पीक तयार झालें म्हणजे तो विळा घेऊन शेतांत शिरतो. एवढाच तो दाखला.

ह्या दाखल्यांतील पेरणी आपणांस समजते आणि कापणीहि समजते. पेरतांना हातांस काम असतें व मनांत आशा असते. कापणीच्या वेळीं डोळ्यांपुढें रास असते. जड जातो तो मधला काळ. ख्रिस्ती मनुष्याचें आयुष्य बहुतेक त्या मधल्या काळांतच जातें. ज्या दिवशीं आपण बाप्तिस्मा घेतला तो पेरणीचा दिवस होता. ज्या दिवशीं प्रभु आपणांस बोलावील तो कापणीचा दिवस होईल. आणि ह्या दोहोंच्या मधलीं सारीं वर्षें म्हणजे न दिसणाऱ्या वाढीचीं वर्षें होत.

कांहीं काळापूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत भक्ति आटोपल्यावर एक मध्यम वयाचा भाऊ आम्हांजवळ येऊन बसला. लोक निघून जाईपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “बाबा, बाप्तिस्मा घेऊन मला अकरा वर्षें झालीं. पहिल्या वर्षीं मन कसें सणासारखें होतें. गाणीं म्हणतां म्हणतां डोळ्यांस पाणी येई. आतां प्रार्थना करतों, देवळांत येतों, पण आंत कांहीं होत आहेसें वाटत नाहीं. राग यायचा तो येतोच. माझ्या आंतलें बीं मेलें तर नाहीं ना?”

वाचकहो, हा प्रश्न त्या एकट्या भावाचा नाहीं. पुष्कळांच्या मनांत तो आहे. परंतु लाजेनें कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि न बोलतां बोलतां एके दिवशीं मनुष्य देवळांत येणेंच सोडतो. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आज आपण करूं. त्या भावास उत्तर कोणाच्या तोंडून मिळालें तेंहि पुढें सांगूं. आधीं थोडा वेळ आमच्याबरोबर एका परसांत चला.

आमचें बालपण ज्या घरांत गेलें त्याच्या मागें एक लहानसें परस होतें. त्यास बाग म्हणणें म्हणजे मोठेपणा झाला. पांच-सहा बाजा टाकाव्या एवढीच ती जागा. तरी तेवढ्यांत न्हाणीच्या पाण्यावर दोन केळी व अळूची दाटी, कुंपणास शेवगा, दाराजवळ कढीलिंब, पावसाळ्यांत मांडवावर घेवडा आणि दोडका, आणि मधोमध आमच्या आईनें बींपासून वाढविलेलें एक कागदी लिंबाचें झाड, इतका संसार मांडलेला होता. त्या बागेस निराळें पाणी क्वचितच मिळे. विहीर लांब, आणि डोक्यावरून आणलेलें पाणी पिण्यास व रांधण्यासच पुरे. घरांतील माणसांनीं अंघोळ केली, भांडीं विसळलीं, तांदूळ धुतले, कीं तें पाणी एका अरुंद पाटानें केळींकडे जाई आणि तेथून लिंबाच्या आळ्यांत उतरे. पाटांत पानें व माती सांचत; तीं काडीनें काढून पाट मोकळा ठेवणें हें आम्हां मुलांचें रोजचें काम होतें.

त्याच घराच्या मागल्या दाराची चौकट आम्हांस अजून आठवते. आमचे वडील वर्षांतून एकदां, नाताळाच्या आदल्या दिवशीं, आम्हां भावंडांस त्या चौकटीशीं ताठ उभें करीत आणि डोक्याबरोबर कोळशानें रेघ ओढीत. दुसऱ्या दिवसापासून आमचा नित्यक्रम सुरू होई. सकाळीं उठावें, चौकटीशीं पाठ लावावी, आणि धाकट्या बहिणीस विचारावें, “वाढलों काय ग?” ती म्हणे, “नाहीं रे दादा, तेवढाच आहेस.” आठ दिवस गेले, महिना गेला, रेघ तेथेंच आणि डोकें तेथेंच. पुढें आम्ही तें विसरून जात असूं. सुगीनंतर आमचे मामा गांवाहून येत. ते दारांत पाऊल ठेवितात न ठेवितात तोंच म्हणत, “अरे, केवढे वाढलांत रे तुम्ही!” आम्हांस मोठें नवल वाटे. जें आम्हांस रोज पाहूनहि दिसलें नाहीं, तें मामांनीं एका दृष्टिक्षेपांत कसें पाहिलें?

लिंबाच्या झाडाचीहि तीच कथा. तें कमरेएवढें झालें, छातीएवढें झालें, त्यास कांटे आले, पण फूल म्हणून येईना. शेजारच्या काकी आमच्या आईस म्हणत, “अहो, हें वांझोटें झाड कशाला ठेवलेंत? तोडून तेथें दुसरा शेवगा लावा.” आई म्हणे, “काकी, त्याचें काम तें करीत असेल. माझें काम पाणी सोडण्याचें, तें मी करतें.” सातव्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं एके सकाळीं परसांत एक मंद गोड वास येऊं लागला. पानांच्या आड पांढऱ्या कळ्या लागल्या होत्या. ज्यांनीं कधीं लिंबाचें झाड बींपासून वाढविलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं त्याला इतकीं वर्षें सहज लागतात. कलम केलेल्या झाडास लवकर फळ येतें, पण बींच्या झाडास आपल्या वेळेनेंच.

आतां ह्या परसांतून आपण आपल्या पाठाकडे परत येऊं. आम्हांस येथें तीन गोष्टी शिकावयास सांपडतात.

पहिली गोष्ट ही कीं, वाढ आधीं खालीं होते आणि मग वर होते. कोणतेंहि बीं भिजलें म्हणजे त्यांतून प्रथम जें बाहेर येतें तें पान नव्हे, तें मूळ होय. तें खालच्या अंधाराकडे जातें. मूळ जमिनींत ठरल्यावर मग कोंब उजेडाकडे वळतो. घाटावरील आपल्या काळ्या जमिनींत शाळू पेरणाऱ्यांस हें अधिक सांगावयास नको. भाद्रपद-आश्विनांत तो पेरतात; पुढें पाऊस जवळजवळ संपतो, आकाश महिनोन् महिने कोरडें राहतें, आणि तरीहि माघ-फाल्गुनांत त्याचीं कणसें भरलेलीं दिसतात. त्यास पाणी कोणीं दिलें? पावसाळ्यांत काळ्या मातीनें जी ओल आपल्या पोटांत धरून ठेविली होती ती त्याच्या मुळांनीं खोल जाऊन शोधून काढिली. शाळूचीं मुळें चांगल्या जमिनींत पुरुषभर खोल जातात. ज्या दिवसांत वर कांहीं होत नाहीं असें आपणांस वाटतें, त्या दिवसांत तीं खालीं उतरत असतात.

ह्याच्या उलट, योना संदेष्ट्याच्या पुस्तकांतील तो वेल आठवा. तो एका रात्रींत वाढला, योनाच्या डोक्यावर त्यानें सावली केली, आणि दुसऱ्या पहांटे एका किड्यानें त्यास मारिलें. देवानें तो योनास धडा शिकविण्यासाठीं उगविला होता. पण जो वेल रात्रींत आला तो रात्रींत गेला, हेंहि आपण ध्यानांत ठेवावें. पहिल्या वर्षाचा तो आनंद, तीं गाणीं, तें डोळ्यांचें पाणी, हीं सर्व देवाचीं देणगी आहेत. त्यांस आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु पाऊस बारा महिने पडत नाहीं. पावसाळ्यांत जें मिळालें त्याची ओल मनाच्या तळाशीं राहिली आहे. कोरड्या दिवसांत प्रार्थना करणें जड जातें, तरी जो ती करितो त्याचें मूळ त्या वेळीं ओलीचा शोध करीत असतें. स्वतः आपला प्रभु नासरेथांत सुमारें तीस वर्षें राहिला. सुताराच्या घरीं राहून तो ज्ञानानें व शरीरानें वाढत गेला, इतकेंच लूक आपणांस सांगतो. तीस वर्षें निमूट आणि तीन वर्षें लोकांपुढें! देवाच्या पुत्रानेंहि वाढीची घाई केली नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, आपली वाढ आपणांस दिसत नाहीं. ती दुसऱ्यास दिसते. चौकटीच्या रेघेपाशीं रोज उभें राहणाऱ्या मुलास आपली उंची कळली नाहीं, ती वर्षानें आलेल्या मामास कळली. आतां त्या भावाची हकीकत पुरी करूं. तो आपला प्रश्न विचारीत असतां त्याची बायको दाराशीं उभी होती. आम्ही तिला आंत बोलाविलें व म्हटलें, “बाई, ह्यांचें म्हणणें तूं ऐकलेंस. तुला काय वाटतें?” ती प्रथम बोलेना. मग पदर सावरून खालीं पाहत म्हणाली, “बाबा, मला शास्त्र ठाऊक नाहीं. पण पूर्वीं हे रागावले म्हणजे मी पोरांना घेऊन शेजारच्या घरीं निजायला जात असें. आतां कित्येक वर्षांत गेलें नाहीं.” हें ऐकतांच तो भाऊ ओंजळींत तोंड झांकून बसला. राग त्यास अजून येत होता, हें खरें. परंतु ज्या रागानें पूर्वीं घर रिकामें होत असे, तो राग आतां ओठांवर येऊन थांबत होता. अकरा वर्षांत देवानें काय केलें तें त्यास दिसलें नाहीं, त्याच्या लेंकरांस मात्र रोज रात्रीं कळत होतें. कारण तीं आपल्याच घरीं, आपल्याच घोंगडीवर निजत होतीं.

म्हणून, बंधुभगिनींनो, मी किती वाढलों हें रोज मोजीत बसूं नका. जो रोज मोजतो तो एक तर निराश होतो, नाहीं तर गर्विष्ठ होतो. आपल्याबरोबर राहणाऱ्यांस तुमची सोबत पूर्वींपेक्षां सुखाची झाली आहे काय, तुमच्या दारांत गरीब मनुष्य निर्भयपणें येतो काय, ज्याचे पैसे देणें आहे तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवितो काय, हें वर्षां-दोन वर्षांनीं शांतपणें पाहावें, आणि जें दिसेल त्याबद्दल देवाचे उपकार मानावे.

तिसरी गोष्ट ही कीं, वाढविणें देवाचें आहे, पण पाट मोकळा ठेवणें आपलें आहे. करिंथ येथील मंडळीस पौलानें हेंच समजाविलें. एकानें लाविलें, दुसऱ्यानें पाणी घातलें, परंतु वाढ देवापासून आली, असें तो म्हणतो. येथें कोणी असें म्हणूं नये कीं, वाढ जर देवाची तर आम्ही स्वस्थ बसूं. दाखल्यांतील मनुष्य निजला खरा, पण पेरल्यावांचून निजला नाहीं. आणि पीक आल्यावर विळा शोधीत बसला नाहीं. आमच्या परसांत पाटांत पानें सांचलीं आणि आठ दिवस कोणीं काढलीं नाहींत, तर पाणी वाटेंतच जिरे व केळींचीं पानें कडेनें पिवळीं पडूं लागत. आपला पाट म्हणजे काय? सकाळची प्रार्थना, वाचतां येत असेल तर रोजची एक-दोन ओव्यांची वाचणी, येत नसेल तर वाचणाऱ्याच्या शेजारीं बसणें, प्रभूच्या दिवसाची भक्ति, आणि कोणाशीं भांडण झालें असेल तर सूर्य मावळण्यापूर्वीं त्याच्याकडे जाणें. ह्यांत मोठें असें कांहीं नाहीं. आणि ध्यानांत ठेवा कीं त्या बागेस विहिरीचें नवें पाणी मिळत नव्हतें. घरांत वापरून झालेल्या पाण्यावरच ती जगली. आपल्या रोजच्या कष्टांचें, कंटाळ्याचें व अश्रूंचें पाणी देव वायां जाऊं देत नाहीं. तें देवाकडे वळविलें म्हणजे त्यावरहि झाड वाढतें.

येथें कोणी विचारील, “वाढ निमूट असते हें खरें, पण मेलेलें झाडहि निमूटच असतें. मग भेद कसा ओळखावा?” हा प्रश्न योग्य आहे, व त्यास टाळूं नये. सागाचें झाड घ्या. कडक उन्हाळ्यांत तें सारीं पानें टाकून उघडें उभें राहतें. ज्यास ठाऊक नाहीं तो म्हणेल कीं तें वाळलें. पण तें कापल्यावर ओंडक्यावर जीं कडीं दिसतात तीं पाहा. दर पावसाळ्यांत तें वाढलें, दर उन्हाळ्यांत थांबलें, आणि थांबलेल्या प्रत्येक उन्हाळ्याची खूण त्याच्या लांकडांत राहिली. झाड जिवंत आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असलें म्हणजे आपण नखानें फांदीची साल थोडी खरवडतों. खालीं हिरवें व ओलें दिसलें, तर झाड जिवंत आहे. मनुष्याच्या मनाचीहि अशीच परीक्षा आहे. पाप केल्यावर तुम्हांस दुःख होतें काय? प्रार्थना चुकली तर कांहीं हरवलें असें वाटतें काय? होत असेल, तर सालीखालीं हिरवें आहे. ज्याचें झाड खरोखर वाळलें त्यास तें वाळल्याची भीति वाटत नाहीं. “माझ्या आंतलें बीं मेलें तर नाहीं ना,” अशी काळजी ज्यास लागली आहे, त्याचें बीं मेलेलें नाहीं.

आणि ज्यास खरवडल्यावर खालीं कोरडें दिसेल त्यानेंहि आशा सोडूं नये. अंजिराच्या झाडाचा दाखला लूकाच्या तेराव्या अध्यायांत आहे. तीन वर्षें फळ नाहीं म्हणून मालक तें तोडावयास सांगतो. आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. पण ती मुदत तो झाडाकडे नुसतें पाहत बसण्यासाठीं मागत नाहीं. भोंवतीं खणण्यासाठीं व खत घालण्यासाठीं मागतो. आपणां सर्वांसाठीं अशी मुदत मागणारा एक आहे. पण मुदत म्हणजे विसर नव्हे, तिला शेवट आहे, हेंहि तो दाखला सांगतो.

बाग व धीर ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्यांत पाहावयाच्या असतील तर विल्यम केरी ह्यांचें चरित्र पाहावें. हे १७६१ सालीं इंग्लंडांतील पॉलर्सपुरी नांवाच्या खेड्यांत एका विणकराच्या घरीं जन्मले. लहानपणींच त्यांस झाडाफुलांचा व किड्यापांखरांचा छंद लागला. त्यांचे एक चुलते माळीकाम जाणणारे होते. आणि ह्या मुलाची निजावयाची खोली रोपांनीं व किड्यांनीं भरलेली असे. उन्हानें अंगास विकार होई, म्हणून शेतकाम सोडून ते जोडे शिवण्याच्या धंद्यास लागले. तेथें बसून त्यांनीं एकामागून एक भाषा शिकून घेतल्या. १७९३ च्या नोव्हेंबरांत ते बंगाल्यांत उतरले. दुसऱ्याच वर्षीं त्यांचा एक लहान मुलगा मरण पावला, आणि पत्नीस मनाचा आजार जडला. एक वर्ष गेलें, दोन गेलीं, सहा गेलीं. इतक्या दिवसांच्या उपदेशानें एकाहि बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नाहीं. सात वर्षें पुरीं झाल्यावर, १८०० सालच्या डिसेंबरच्या २८ तारखेस, श्रीरामपूर येथें हुगळी नदींत कृष्ण पाल नांवाच्या सुतारानें बाप्तिस्मा घेतला. (हें श्रीरामपूर बंगाल्यांतील, आपल्याकडील नव्हे.) आमच्या आईच्या लिंबासहि सातच वर्षें लागलीं होतीं.

केरी ह्यांचे आम्हां मराठी लोकांवर विशेष उपकार आहेत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर मराठीहि शिकवीत. वैजनाथ नांवाच्या पंडिताच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश छापिला. आणि १८११ सालीं मराठी नवा करार श्रीरामपूर येथें छापून निघाला. ज्यानें आमचा प्रदेश कधीं पाहिला नाहीं, त्यानें एकेक शब्द वेंचून हें काम केलें. १८१२ च्या मार्च महिन्यांत त्यांच्या छापखान्यास आग लागली व कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें जळालीं. त्यांनीं तीं पुन्हां लिहावयास घेतलीं. श्रीरामपुरास त्यांची मोठी बाग होती. पहांटे तींत फिरत ते प्रार्थना करीत. १८२३ सालीं महापुरानें तिची नासाडी झाली; ती त्यांनीं पुन्हां लाविली. एकदां इंग्लंडांतून बियांची पिशवी आली. बीं काढून घेतल्यावर ती पिशवी त्यांनीं सावलीच्या जागीं झटकली. कांहीं दिवसांनीं तेथें एक लहानसें रोप उगवलें आणि त्यास फूल आलें. तें डेझी नांवाचें, त्यांच्या गांवाकडील कुरणांत वाढणारें साधें फूल होतें. सुमारें तीस वर्षांत त्यांनीं तें पाहिलें नव्हतें. त्या एका फुलानें त्यांस अत्यंत आनंद झाला, आणि दरसाल बीं नव्यानें पेरून त्यांनीं तें जतन केलें. झटकलेल्या पिशवींत चिकटून राहिलेलें तें बीं कोणीं मोजलें नव्हतें. देवानें तेवढेंहि वायां जाऊं दिलें नाहीं.

आपल्या पुतण्यास ते म्हणाले होते कीं, मला कोणी चिकाटीनें पाऊल टाकीत राहणारा मनुष्य म्हटलें तर तें खरें होईल. त्याहून अधिक म्हटलें तर तें फार होईल. १८३४ च्या जून महिन्यांत ते प्रभूकडे गेले.

आतां आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंशीं चार शब्द. तुमच्यापैकीं पुष्कळ जण अशा गांवीं राहतां कीं जेथें ख्रिस्ती घरें तीन किंवा चार. वर्षामागून वर्ष तुम्ही अहवाल लिहितां, आणि नव्या बाप्तिस्म्यांच्या रकान्यांत शून्य मांडतां. तें शून्य मांडतांना हात जड होतो हें आम्ही जाणतों. तरी तें खरें असेल तर खरेंच मांडा. पीक उंच दिसावें म्हणून ज्वारीचीं ताटें हातांनीं ओढूं नयेत. ओढलेलें ताट उंच होत नाहीं, उपटतें. ज्यांच्या मनाची तयारी झाली नाहीं अशांस घाईनें पाण्यांत उतरविलें, तर शून्य जाईल, पण पुढल्या वर्षीं त्यापेक्षां मोठें दुःख पदरीं येईल. तुम्ही ज्या मुलांस संध्याकाळीं दिव्याजवळ बसवून अक्षरें शिकवितां, ज्या आजाऱ्याच्या घरीं पाणी भरून देतां, ज्या शेजाऱ्याची शिवी ऐकून गप्प राहतां, तें सर्व खालीं मुळांत जात आहे.

आणि नवख्रिस्ती घरांविषयींहि धीर धरा. ज्यानें काल बाप्तिस्मा घेतला त्याच्या मुळांची माती दर रविवारीं उकरून, “अजून ही खोड गेली नाहीं, अजून ती गेली नाहीं,” असें चारचौघांत म्हणूं नका. जें मूळ वारंवार उकरलें जातें तें धरत नाहीं. चूक दिसली तर एकांतांत, प्रेमानें, एकदां सांगा. मग पाणी सोडा आणि थांबा.

आयांनो, तुमच्यापैकीं कोणाचा मुलगा मुंबईस किंवा पुण्यास कामास गेला आहे. तो पत्र पाठवीत नाहीं, देवळांत जातो कीं नाहीं तें कळत नाहीं. त्याच्या लहानपणीं तुम्हीं त्यास मांडीवर घेऊन ज्या प्रार्थना शिकविल्या त्या जमिनींत आहेत. तुमचा पाट मोकळा ठेवा. रोज रात्रीं त्याचें नांव देवापुढें घ्या. त्याच्या मनांत आज काय चाललें आहे हें तुम्हांस दिसत नाहीं, आणि दाखल्यांतील शेतकऱ्यासहि तें दिसत नव्हतें. ज्यास दिसतें तो रात्रीं निजत नाहीं.

हे सर्वसमर्थ देवा, आमच्या बापा, तूं बीं निर्माण केलेंस आणि त्यास वाढविणाराहि तूंच आहेस. आम्ही उतावळे आहों, आणि जें दिसत नाहीं त्यावर आमचा विश्वास लवकर डळमळतो. कोरड्या दिवसांत आमचीं मुळें तुझ्याकडे खोल जाऊं दे. आमच्या आळसामुळें पाट बुजला असेल, तर तो मोकळा करण्यास आम्हांस आजच बळ दे. जे आपलें बीं मेलें म्हणून खिन्न होऊन बसले आहेत त्यांस त्यांच्या सालीखालचें हिरवें दाखीव. एकट्या गांवीं राबणाऱ्या तुझ्या सेवकांस धीर दे, आणि ज्या आया वाट पाहत आहेत त्यांची वाट सफळ कर. तुझा पुत्र, आमचा प्रभु येशू ख्रिस्त, ह्याच्या नांवानें हें मागतों. आमेन.